जंवाईसांनी धुतलेला तिमणिया

सुगनीदेवी बिन्नाणींच्या घरी जावई आला की सगळ्यात आधी काय बंद पडत असेल, तर ते सुगनीदेवींचं बोलणं. जावयासमोर घुंगट ओढायचा आणि घुंगटातून आवाजसुद्धा बाहेर पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या सासूबाईंची शिकवण. बिकानेरच्या त्या गल्लीत आता एवढं कोणी पाळत नसे. समोरच्या घरातल्या सासूबाई तर जावयाच्या स्कूटरवर मागे बसून कुल्फी खायला जात. पण सुगनीदेवी पाळत. एरवी त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दूधवाल्याला स्वच्छ ऐकू जाई आणि तो बिचारा माप जरा भरून घाली. त्यामुळे जावई मुक्कामाला आला की त्यांचे यजमान जेठमलजी टवटवीत दिसू लागत.

या खेपेला जावई आला तो गणगौरीला. त्यांच्या मुलीच्या, हर्षिताच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. लग्नानंतरची पहिली गणगौर माहेरी पुजायची, म्हणून ती आधीच आली होती आणि तिच्या मागोमाग प्रियांक कोलकात्याहून आला. मुलगा गुणी आणि नम्र. सासूबाईंच्या पाया पडायला वाकला की त्या, जावयाचा हात पायाला लागला तर पाप, म्हणून मागे सरकत. तो आणखी पुढे सरके. असं करत करत दोघं स्वयंपाकघरापर्यंत पोचत. त्याच्यात खोड म्हणून काढायची तर एकच होती. त्याला उपयोगी पडायची फार हौस होती.

सणाच्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर त्याने अंगणात एक खोकं उघडलं. आतून जेवणाच्या डब्याएवढं पांढरं यंत्र निघालं. मध्ये स्टीलचं पात्र, समोर एक बटण.

"दागिने धुवायचं यंत्र आहे. मांसांसाठी आणलंय," तो अंगणातल्या खांबाला म्हणाला. मांसा म्हणजे सासूबाई, आणि त्या बोलत नाहीत म्हटल्यावर आपण कुठे बघून बोलायचं, हे त्याला अजून जमलं नव्हतं. "आत कोमट पाणी घालायचं आणि साबणाचे दोन थेंब. बटण दाबलं की पाणी थरथरतं. कानाकोपऱ्यातला मळ आपोआप बाहेर!"

हर्षिताने आपल्या साध्या सोन्याच्या बांगड्या आत टाकल्या. यंत्र गुणगुणलं. बांगड्या बाहेर आल्या त्या आजच सोनाराकडून आणल्यासारख्या. मग सुगनीदेवींची हिऱ्याची अंगठी गेली. तिच्यातून गेल्या दिवाळीचं बेसन निघालं. सुगनीदेवींनी घुंगटातल्या घुंगटात मान डोलावली. इथवर सगळं छान चाललं होतं, हे न्यायाने सांगायला हवं.

पण मग हर्षिता शेजारी मेंदी काढायला गेली, जेठमलजी आतल्या खोलीत आडवे झाले, आणि अंगणात उरले सासू, जावई आणि पांढऱ्या चादरीवर मांडून ठेवलेले गवरीचे दागिने.

गवर म्हणजे आपली गौरच. बिन्नाणींची गवर लाकडाची, रंगवलेली, कमरेएवढी उंच. गणगौरीच्या संध्याकाळी घरातले खरेखुरे दागिने तिच्या अंगावर चढवायचे आणि गल्लीतल्या बायकांनी गाणी म्हणत तिच्या दर्शनाला यायचं, अशी रीत. दर्शन म्हणायचं आपलं. खरं म्हणजे ती दागिन्यांची झडती असते. कुणाचा बाजूबंद यंदा दिसला नाही, कुणाच्या हाराचा एक मोती नवा आहे, हे त्या बायका आरतीच्या उजेडात ओळखतात.

चादरीवर मधोमध, गुलाबी कापसात, तिमणिया होता, खडे जडवलेला गळ्यातला हार. बिन्नाणींच्या घरातल्या प्रत्येक नवरीने लग्नात गळ्यात घातलेला. सुगनीदेवींच्या सासूबाई जाताना दोन्ही सुनांना सांगून गेल्या होत्या की, तिमणिया एक वर्ष थोरल्या पानादेवींकडे राहील, एक वर्ष धाकट्या सुगनीकडे, आणि जिच्या हातून बिघडेल तिच्या घरी पुन्हा जायचा नाही. यंदा तो सुगनीदेवींकडे होता. आज पूजा झाली की पानादेवी तो घेऊन जाणार होत्या.

आणि बिघडायला जडाऊ दागिन्याला काय लागतं? वरून दिसतं ते सोनं कागदासारखं पातळ, प्रत्येक खड्याखाली चांदीचा वर्ख, आणि पोटात सगळी लाख भरलेली. बांगड्या करतात तीच. सासूबाईंनी सुगनीदेवींना पहिल्याच वर्षी बजावलं होतं, "जडाऊला वारा दाखव, पाणी दाखवू नकोस." सुगनीदेवी तिमणिया मलमलीने कोरडाच पुसत, गुलाबी कापसात गुंडाळत, आणि त्या कपाटाजवळ अत्तराची कुपीही ठेवू देत नसत. आपल्या मुलांना त्यांनी इतकं जपलं नव्हतं. मुलांनी ते बोलूनही दाखवलं होतं.

प्रियांकने तिमणिया उचलला.

"याच्यावर तर पिढ्यान्‌पिढ्यांचा मळ बसलाय," तो खांबाला म्हणाला. "घालू ना मांसा?"

 सुगनीदेवींनी जिभेने टिचकारी वाजवली. बिकानेरात बाईची टिचकारी म्हणजे 'नाही', हे तिथलं पाळण्यातलं पोरही जाणतं. त्यांनी दुसरी वाजवली, तिसरी वाजवली. कोलकात्यात वाढलेल्या प्रियांकला वाटलं, सासूबाई घाई करतायत.

"हो हो, लगेच घालतो."

सुगनीदेवींनी दोन्ही हात हलवले. हातभर बांगड्या खणखणल्या. जावयाला तो आनंद वाटला. त्या उठल्या, दोन पावलं पुढे आल्या आणि थबकल्या. त्याच्या हातातून तिमणिया ओढून घ्यावा तर जावयाच्या हाताला हात लागणार. ओरडावं तर आवाज ऐकू जाणार. त्यांनी वळून तुळशीकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, शेवटी आतल्या दाराची कडी जोरजोरात वाजवली. आतून जेठमलजींचं घोरणं ऐकू आलं. एव्हाना मागे यंत्र गुणगुणायला लागलं होतं.

"बघा मांसा, बघा!" प्रियांक हरखून ओरडला. "किती मळ निघतोय!"

पाणी गुळवणीसारखं तपकिरी झालं होतं. तो मळ नव्हता. ती लाख होती. मग चांदीच्या वर्खाचे कपटे तरंगून वर आले, आणि पाठोपाठ पात्राच्या तळाशी खडे पडू लागले. टिंग. टिंग. प्रियांकने बटण बंद केलं आणि हात घालून बाहेर काढलं ते चुरगळलेलं सोन्याचं पान होतं. दुपारी मिठाई खाऊन टाकून दिलेल्या वर्खाच्या कागदात आणि त्याच्यात फारसा फरक नव्हता.

तो हातातल्या पानाकडे बघत राहिला. सुगनीदेवी घुंगटातून एका डोळ्याने त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा श्वास जो अडकला तो बाहेर येईना. त्या होत्या तिथेच, धुतलेल्या लाल दगडांवर, बसल्या.

"मांसा," प्रियांक हळूच म्हणाला, "हे... असंच व्हायचं असतं का?"

हर्षिता मेंदीचे हात वर धरून आली, तिने पात्रात पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की जेठमलजी झोपेतून उठून धोतराचा सोगा धरत बाहेर आले. त्यांनीही पात्रात पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. आईच्या गळ्यात त्यांनी तो तिमणिया पाहिला होता, आजीच्या गळ्यातही पाहिला होता. पण समोर जावई उभा होता, ओल्या हातांनी, पांढराफटक पडलेला.

"वा!" जेठमलजी म्हणाले. "वा वा, जंवाईसा! इतकं स्वच्छ... म्हणजे इतकं स्वच्छ आमच्याकडे आजवर कोणी केलंच नव्हतं. हर्षी, जंवाईसांना घेवर आण."

"बाबोसा, मी तिमणिया मोडला," प्रियांक म्हणाला.

"छे, छे. जुनाच होता."

मागच्या खोलीत दार लावून घेतल्यावर जेठमलजी ट्रंकेवर बसले आणि त्यांनी डोकं धरलं. सुगनीदेवींचा अडकलेला श्वास तिथे सुटला आणि त्याच्याबरोबर आवाजही.

"बघत काय बसलात? बोला त्यांना!"

"मी? जंवाईंना? तू बोल."

"मी कशी बोलू? मी त्यांच्याशी बोलत नाही!"

"मीही कुठे बोलतो? फक्त जेवा म्हणतो."

"डोळ्यांदेखत गेला हो! माझ्या डोळ्यांदेखत! मी टिचकाऱ्या वाजवतेय आणि ते म्हणतात, लगेच घालतो!" त्यांनी पदराने डोळे पुसले. "आता पानाभाभीसा येतील. गवरीच्या गळ्यात तिमणिया नाही म्हटल्यावर काय सांगू?"

"खरं सांगू या. जंवाईंच्या हातून झालं म्हणून."

"आणि ते उद्या सकाळच्या आत कोलकात्याला पोचेल! पहिल्याच गणगौरीला सासरच्यांनी जावयाला गल्लीसमोर चोरासारखं उभं केलं, हे हर्षीला जन्मभर ऐकावं लागेल. ते नाही चालायचं. सांगायचंच तर माझं नाव सांगा."

"मग तिमणिया पुन्हा आपल्या घरी यायचा नाही."

 रडू आलेलं दिसू नये म्हणून सुगनीदेवी विनाकारण ट्रंकेवरची धूळ झटकायला लागल्या. जेठमलजी अजून तिच्यावर बसलेले होते. त्यांचीही थोडी झटकली गेली.

जेठमलजींनी मग दागिन्यांत खडे जडवणाऱ्या त्यांच्या नेहमीच्या जडियाला फोन लावला. तो सणासाठी सासुरवाडीला गेला होता आणि मागे ढोल वाजत होता. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "लाख भरायची, वर्ख घालायचा, खडे बसवायचे. महिना धरा. काय केलंत तरी काय? उकळलात?" जेठमलजींनी 'बघतो' म्हणून फोन ठेवून दिला.

तिकडे अंगणात प्रियांकच्या पुढ्यात पाकात भिजलेला जाळीदार घेवर होता. तो संपेना. गुन्हेगाराला घास उतरत नाही, तसं त्याचं झालं होतं, पण ताटली रिकामी दिसली की कोणीतरी दुसरा घेवर आणून ठेवी. शेजारच्या काकूंना काही माहीत नव्हतं, त्याही येऊन गणगौरीला करतात ते दोन गोड गुणे वाढून गेल्या.

"हर्षिता," तो रडवेला होऊन म्हणाला, "मला कोणीतरी शिव्या द्या गं! माझ्या घरी एव्हाना आईने मला छत्रीने बडवलं असतं. इथे मी जितकं मोडतो तितकं मला खायला घालतात!"

"गप्प बस आणि खा," हर्षिता म्हणाली. "आणि शपथ घे, कुणाला एक अक्षर सांगायचं नाही."

युक्ती तिचीच होती. गवर लाकडाची, ती हलत नाही, बोलत नाही, तिच्या गळ्याला कुणी हात लावत नाही. सोन्याचं पान हाताने सरळ करायचं, मैद्याची खळ शिजवायची आणि खडे चिकटवून सगळं गवरीच्या गळ्यावरच बसवायचं. लांबून दिसला म्हणजे झालं. सुगनीदेवी खळ घोटायला बसल्या. देवीच्या अंगावर पोस्टर चिकटवल्यासारखं दागिना चिकटवायची पाळी आपल्यावर यावी, याचा त्यांना असा धक्का बसला होता की त्या मध्येच ढवळायच्या थांबत आणि हर्षिताला आठवण करून द्यावी लागे. प्रियांक दर थोड्या वेळाने 'मी काही धरू का' असं खांबाला विचारत होता. आतून एकदम तिघांचा आवाज येई, "नको!" त्यातला एक टिचकारीचा.

ऊन उतरलं आणि बायका आल्या. गाणी म्हणत, हिरव्या-लाल ओढण्यांत, आणि सगळ्यांच्या पुढे पानादेवी. अंगाने भरदार, नजर अशी की राईतला मोहरीचा दाणा वेगळा काढतील. त्यांना तीन जावई होते आणि तिघांची कौतुकं गल्लीला तोंडपाठ होती. पानादेवी आत आल्या, धाकट्या दिराचा जावई अंगणात दिसताच त्यांनीही घुंगट ओढला, आणि त्या एका डोळ्याने गवरीच्या गळ्याकडे बघत उभ्या राहिल्या.

सुगनीदेवींनी हातातलं आरतीचं ताट घट्ट धरलं.

"सुगनी," पानादेवी म्हणाल्या, "हा आपला तिमणिया?"

"हो, भाभीसा," सुगनीदेवी गाण्यांच्या गलक्याआड, जावयाला ऐकू जाणार नाही अशा बेताने कुजबुजल्या.

"आपलाच?"

"दुसरा कुठून आणू?"

पानादेवी आणखी एक पाऊल पुढे झाल्या. सुगनीदेवींनी डोळे मिटून घेतले.

"अगं, हा चमकतोय किती! लग्नात माझ्या गळ्यात घातला तेव्हा असा नव्हता. डोळे दिपतायत!"

आणि खरंच होतं ते. खडे कधी नव्हे ते धुतले गेले होते. दिव्याच्या उजेडात गवरीचा गळा लखलखत होता. सगळ्या बायका पुढे सरसावल्या. "काय लावलंस गं?" "मलमलीने एवढं निघतं?" "आमच्या माथ्यावरच्या रखडीला का नाही येत अशी झळाळी?" सुगनीदेवी 'गवरमातेची कृपा' एवढंच कुजबुजत होत्या आणि ते खोटंही नव्हतं. तेवढ्यात मघाच्या गुणेवाल्या काकूंनी खांबामागे टॉवेलखाली झाकलेल्या यंत्राकडे बोट केलं.

"जंवाईसांनी यंत्र आणलंय की! दुपारी हर्षी बांगड्या धूत होती त्यात. मी भिंतीवरून बघितलं."

पुढचं सगळं फार भराभर झालं. पानादेवींनी आपल्या दंडातला जडाऊ बाजूबंद सोडला. काळवंडलेला, भारी, माहेरचा. जावयाशी थेट बोलायचं नाही, म्हणून तो हर्षिताच्या हातात ठेवून त्या सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणाल्या, "जंवाईसांना म्हणावं, बडी सासूचंही एवढं काम करा."

हर्षिताने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बाजूबंदाकडे पाहिलं. 

"नको, नको," तो म्हणाला.

बिकानेरात जावई 'नको' म्हणतो तो आग्रह वाढावा म्हणून. घेवर नको म्हणाला की दोन येतात. बायकांनी एकदम गलका केला.

"असं कसं? करायलाच हवं!"

"यंत्र जरा गरम झालंय..."

"लाजतायत जंवाईसा! धाकट्या सासूचं केलंत, थोरलीचं नाही? आमच्या बडी सासूंनी काय घोडं मारलंय?"

एकीने टॉवेल ओढला. दुसरीने पात्रात पाणी ओतलं. तिसरीने बाजूबंद त्याच्या हातात कोंबला आणि जावयावरचं एक चावट गाणं सुरू करून दिलं. खरं सांगावं तर शपथ मोडते आणि सासूबाई तोंडघशी पडतात. न सांगावं तर बाजूबंद विरघळतो. तीनदा नको म्हणून झालं होतं. आता चौथ्यांदा म्हणणं हा बायकांचा अपमान ठरला असता. प्रियांकने फाशीच्या तख्ताकडे जाणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने बाजूबंद दोऱ्याला धरून पात्रावर लोंबकळता धरला आणि दुसरा हात बटणाकडे नेला.

खोटं कशाला सांगा, सुगनीदेवींच्या मनात एक क्षण आलंच. विरघळू दे. माझा गेला, हिचाही जाऊ दे. मग कोण कुणाला बोलणार? जावयाच्या हातून, जावेच्याच आग्रहाने. आपण फक्त टिचकारी वाजवायची, रीतीप्रमाणे, आणि गप्प बसायचं. कुणी बोट दाखवू शकलं नसतं. पण त्यांना पात्रातल्या पाण्याचा तो तपकिरी रंग आठवला, आणि पोटातून जे उसळून आलं ते त्यांच्या ताब्यातच राहिलं नाही.

"खबरदार त्या बटणाला हात लावाल तर!"

घुंगट मागे पडला होता. आरतीचं ताट कुणाच्या तरी हातात गेलं होतं. गाणं अर्ध्या ओळीत तुटलं. एका बाईच्या हातातला कलश कलंडला आणि पाणी तिच्याच पायावर सांडत राहिलं, तिला कळलं नाही. बिन्नाणींच्या सुगनीने जावयाला हाक मारली होती. उघड्या तोंडाने! भर गणगौरीत! पानादेवींचा उघडा असलेला तो एक डोळा एवढा मोठा झाला की लांबूनही दिसला.

आणि सुगनीदेवींचं तोंड एकदा उघडल्यावर मिटेना.

"दुपारी माझा तिमणिया वितळवलात तेवढ्याने पोट भरलं नाही तुमचं? मी टिचकाऱ्या वाजवते, हात हलवते, कडी बडवते, आणि तुम्ही म्हणता, 'बघा, किती मळ निघतोय'! मळ? तुमच्या पणजसासूच्या वेळची लाख होती ती! लहान पोरसुद्धा दुसऱ्याच्या घरची वस्तू विचारून उचलतं!"

"विचारलं होतं, मांसा..." प्रियांक पुटपुटला.

"खांबाला विचारलंत!"

याच वेळी, चैत्राच्या गरम हवेत सुकलेली मैद्याची खळ सुटली आणि गवरीच्या गळ्यातला मधला मोठा खडा तिच्या पायांशी पडला. त्याच्या मागून दुसरा. मग सोन्याचं पान एका बाजूने सुटून देवीच्या खांद्यावर लोंबायला लागलं. बायकांनी एकदम तोंडाला हात लावले. जेठमलजी दारात उभे होते, ते हळूच दाराआड झाले.

पहिल्यांदा हललं कोणी असेल तर प्रियांक. त्याने बाजूबंद जपून हर्षिताच्या हातात दिला, सासूबाईंसमोर येऊन हात जोडले, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मांसा, देवाशपथ, दुपारपासून मी हेच ऐकायची वाट बघत होतो."

सुगनीदेवी भानावर आल्या. घुंगट ओढायला त्यांनी हात वर नेला, आणि आता काय उपयोग, म्हणून खाली आणला. मग त्यांनी गवरीच्या पायांशी वाकून खडे वेचले, सोन्याचं पान काढलं, सगळं गुलाबी कापसात ठेवलं आणि पानादेवींसमोर धरलं. 

"भाभीसा, जंवाईंना काही बोलू नका. तिमणिया माझ्या राखणीत होता, माझ्या डोळ्यांसमोर गेला. सासूबाई सांगून गेल्यात तसं करा. दुरुस्त करून मी पाठवून देईन. आता तो तुमचा."

पानादेवींनी कापसातल्या चुऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या वाचलेल्या बाजूबंदाकडे पाहिलं. मग, सगळ्या गल्लीच्या देखत, त्या गवरीशेजारच्या पाटावर मटकन बसल्या.

"माझी नथ आठवते का गं, सुगनी?"

"ती बँकेत ठेवलीय ना?"

"कसली बँक! माझे थोरले जंवाई. त्यांनी मोती चमकवायचे म्हणून लिंबाच्या रसात घातले रात्रभर. सकाळी वाटीत नुसता रस आणि तार." पानादेवींनी दुसरं बोट दुमडलं. "मधल्यांनी माझं मंगळसूत्र दात घासायच्या पेस्टने घासलं. मीनाकाम सगळं खरवडून गेलं. दोन्ही वेळा मी समोर होते. तोंडात ओढणी कोंबून बघत राहिले. वर घेवर वाढला."



"मग आज बाजूबंद का दिलात हो?" गुणेवाल्या काकूंनी न राहवून विचारलं.

"वाटलं, एका तरी घराला शिकलेला जावई मिळाला." त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि कापसाची पुरचुंडी सुगनीदेवींच्या मुठीत परत दाबली. "ठेव. दुरुस्त कर आणि तूच ठेव, कायमचा. सासूबाई म्हणाल्या ते खरं, पण त्यांना तरी जंवाईसमोर कुठे तोंड उघडता आलं? माझ्याकडे तीन जंवाई येतात आणि एकालाही 'नको' म्हणायची माझी छाती नाही. या खानदानात दागिना सुरक्षित राहील तर तुझ्याकडेच."

 सुगनीदेवी जावेच्या गळ्यात पडल्या आणि दोघी हमसून रडल्या. बायकांनी डोळे पुसले आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा धरलं. गवरीच्या मोकळ्या गळ्यात हर्षिताने झेंडूची माळ घातली आणि पूजा पार पडली. त्या रात्री गल्लीत तिमणियाची चर्चा कोणीच केली नाही. सुगनी जावयाशी बोलली, यापुढे तिमणियाची काय मातब्बरी?

बायका गेल्यावर अंगणात सगळं शांत झालं. प्रियांक यंत्र खोक्यात भरत होता. त्याला फार हलकं वाटत होतं. सुगनीदेवी येऊन समोरच्या पाटावर बसल्या, घुंगट नसलेल्या, आणि त्यांनी घसा साफ केला.

"यंत्र राहू द्या. बांगड्यांना बरं आहे. आणि बसा जरा. लग्नापासून मनात साठलेलं आहे. एक म्हणजे, हर्षीचे फोन आम्हाला आले की मागून तुमचा 'हं' एवढाच आवाज येतो. हे काय बोलणं झालं? दुसरं, तुम्ही ताटात भाजी टाकता. आमच्याकडे केर-सांगरी कोणी टाकत नाही. तिसरं, दाढी. ठेवायची असेल तर धड ठेवा..."

पाचव्या मुद्द्याच्या आसपास प्रियांकने मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. जेठमलजींनी एव्हाना पगडी चढवली होती आणि ते जोडे शोधत होते.

"तुम्ही बोला निवांत," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मला जरा बाजारात काम आहे."

बाजार केव्हाच बंद झाला होता. जेठमलजी रात्री जेवायच्या वेळेपर्यंत परत आले नाहीत.